जनगणनेचा रकाना आणि आपला इतिहास

१

गेल्या वर्षी पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थ्याने मला एक आलेख आणून दाखविला. भारताच्या जनगणनेचे तक्ते आता ऑनलाइन सर्वांना खुले आहेत. त्याने ते उतरवून घेतले होते, महाराष्ट्रातील अनुसूचित जातींची टक्केवारी दशकामागून दशक मांडली होती आणि संगणकाकडून तिची रेषा काढून घेतली होती. १९६१ मध्ये ५.६ टक्के, १९७१ मध्ये ६, १९८१ मध्ये ७.१४ आणि १९९१ मध्ये एकदम ११.०९. संख्येत सांगायचे तर १९८१ मध्ये सुमारे ४५ लाख असलेले अनुसूचित जातींचे लोक दहा वर्षांत सुमारे ८८ लाख झाले. राज्याची एकूण लोकसंख्या त्याच काळात सव्वापटच वाढली होती. विद्यार्थ्याने आलेखाखाली निष्कर्ष लिहिला होता : 'या दशकात दलितांचा जन्मदर असाधारण वाढला.'

मुलगा हुशार आहे. त्याच्या गणितात चूक नव्हती. तो म्हणाला, "सर, दोनदा तपासलंय. आकडे सरकारचेच आहेत."

मी त्याला विचारले, "तुझ्या आजोबांनी १९८१ ला धर्म काय सांगितला असेल?"

"बौद्ध. दुसरा काय सांगणार, सर?"

"मग ते या पंचेचाळीस लाखांत आहेत काय?"

तो बराच वेळ आलेखाकडे पाहत राहिला.

त्याचे आजोबा त्या पंचेचाळीस लाखांत नव्हते. माझेही नव्हते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी हिंदू धर्मापुरती बांधून टाकली होती. १९५६ मध्ये शीख धर्म तीत आला. ज्याने धर्म 'बौद्ध' असा सांगितला तो त्या क्षणी अनुसूचित जातींच्या तक्त्यातून नाहीसा झाला. बौद्धांचा त्या यादीत समावेश करणारा कायदा संसदेने केला तो १९९० मध्ये. १९८१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध म्हणून नोंदलेले ३९ लाखांहून अधिक लोक होते. विद्यार्थ्याच्या आलेखात जो उंच कडा दिसत होता तो बाळंतिणींनी उभा केलेला नव्हता. तो एका कायद्याने उभा केला होता. संगणकाला १९८१ ठाऊक होते, १९९१ ठाऊक होते; १९९० ठाऊक नव्हते.

हा लेख त्या १९९० विषयी आहे. समाजाचा अभ्यास संगणकाने करण्याचे दिवस आले आहेत आणि आपल्या मुलांनी ही विद्या घ्यावी असे मला मनापासून वाटते. परंतु जो रकान्याचा इतिहास जाणत नाही, त्याला आकडा फसवितो. आणि आपल्याबाबतीत तर तो नेमका आपल्याच विरुद्ध फसवितो. 'दलितांचा जन्मदर वाढला' हे वाक्य कोणाच्या हाती पडले असते आणि त्याचे पुढे काय झाले असते, हे या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

२

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. आजोबांना अक्षर येत नव्हते. १९६१ साली मोजणीसाठी वस्तीत आलेल्या माणसाची गोष्ट आजी सांगत असे. तो ओट्यावर न चढता खालूनच विचारत होता. आजोबांनी 'बौद्ध' सांगितले तेव्हा त्याची पेन्सिल थांबली. "म्हणजे महारच ना?" आजोबा म्हणाले, "तुम्ही धर्म इचारला, मी धर्म सांगितला. त्योच लिवा." आजोबांनी आयुष्यात सरकारी कागदावर अंगठ्यापलीकडे काही उमटविले नाही, परंतु त्या दिवशी त्यांनी एक रकाना स्वतः भरला.

असे किती जणांनी भरला? १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या भूभागावर बौद्ध होते अडीच हजारांच्या आसपास. १९६१ मध्ये ते २७ लाख ८९ हजारांवर गेले. नागपूरचे धम्मचक्रप्रवर्तन १४ ऑक्टोबर १९५६ चे. एवढे मोठे सामाजिक स्थित्यंतर इतक्या थोड्या काळात एका रकान्यात उमटल्याची उदाहरणे जगाच्या इतिहासात फार नाहीत. येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी जी घोषणा केली, तिची पूर्तता किती जणांच्या मनात झाली हे पाहायचे असेल तर हा तक्ता पाहावा.

पण याच रकान्याची दुसरी बाजू आहे. १९६१ च्या त्याच जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जाती ५.६ टक्के आणि बौद्ध सुमारे ७ टक्के आहेत. म्हणजे एकाच गावकुसाबाहेरची, एकाच पाणवठ्यावरून हाकललेली माणसे दोन तक्त्यांत विभागली गेली. महाराष्ट्र शासनाने राज्यापुरत्या सवलती नवबौद्धांना दिल्या. केंद्राने मात्र ३४ वर्षे त्यांना वेगळे ठेवले. घराघरात पेच उभा राहिला : मुलाच्या दाखल्यावर काय लिहायचे? बुद्धविहारात बौद्ध आणि कचेरीत हिंदू, असे दुहेरी जगणे लोकांच्या माथी मारले गेले. तक्त्यात हा पेच दिसत नाही. तक्त्यात फक्त दोन संख्या दिसतात.

आपल्या नाशिक जिल्ह्यातील आदिवासी तालुक्यांचीही हीच गत आहे. १९७१ मध्ये महाराष्ट्रात अनुसूचित जमाती ६ टक्क्यांच्या आत होत्या, १९८१ मध्ये त्या ९ टक्क्यांवर गेल्या. मधल्या काळात, १९७६ च्या कायद्याने, जमातींच्या यादीवरील क्षेत्रबंधन उठविले गेले. डोंगर तेच, माणसे बरीचशी तीच, यादी बदलली.

३

रकाना आखणे हे राजकारण आहे, ही गोष्ट इंग्रजांना ठाऊक होती आणि बाबासाहेबांना तर फारच स्पष्ट ठाऊक होती.

१९११ च्या खानेसुमारीत ई. ए. गेट हे आयुक्त होते. हिंदू म्हणून मोजल्या जाणाऱ्यांपैकी पूर्ण हिंदू कोण नव्हेत हे ओळखण्यासाठी त्या वेळी दहा कसोट्या देण्यात आल्या. ब्राह्मणांचे श्रेष्ठत्व न मानणारे, ब्राह्मण गुरूकडून मंत्र न घेणारे, देवळाच्या आतल्या भागात ज्यांना प्रवेश नाही असे, ज्यांच्या स्पर्शाने विटाळ होतो असे, मृतांना पुरणारे, गोमांस खाणारे. हे प्रश्न विचारणाऱ्याचा हेतू काहीही असो, प्रथमच एका सरकारी कागदावर हिंदू समाजाला आपल्या देवळाच्या दाराबद्दल उत्तर द्यावे लागले. १९ वर्षांनी, २ मार्च १९३० रोजी, त्या यादीतली माणसे आमच्या नाशकात काळाराम मंदिराच्या दाराशी जाऊन उभी राहिली. दादासाहेब गायकवाड आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे तो लढा लढवीत होते. तो चालू असतानाच १९३१ ची खानेसुमारी झाली; सर्व जातींचे तक्ते छापलेली ती शेवटची. या गावात त्या वेळी दोन मोजण्या एकदम चालल्या होत्या. एक सरकारची, जात किती हे विचारणारी. दुसरी सत्याग्रहींची, माणूस आहे की नाही हे विचारणारी.

अस्पृश्यांच्या संख्येवर प्रतिनिधित्व अवलंबून राहणार असे दिसू लागताच संख्याच नाहीशी होऊ लागली. १९३२ मध्ये लोथियन समितीपुढे हा खेळ उघड झाला. संयुक्त प्रांतात खानेसुमारीप्रमाणे अस्पृश्य सव्वा कोटीच्या घरात होते. प्रांतिक समितीच्या हिशेबात ते सहा लाखांवर आले. बाबासाहेब त्या समितीचे सभासद होते. या चमत्कारावर पुढे लिहिलेल्या प्रकरणाला त्यांनी नाव दिले 'फ्रॉम मिलियन्स टू फ्रॅक्शन्स'. कालपर्यंत ज्यांची सावली चालत नव्हती ते एका रात्रीत स्पृश्य झाले होते. फक्त विहिरीवर नव्हे, तक्त्यात.

४

शासनाने किंवा पंडितांनी गोळा केलेली माहिती दूषित आहे म्हणून ती फेकून द्यावी काय? बाबासाहेबांचे उत्तर नकारार्थी आहे, आणि संगणक हाती घेणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याने ते नीट समजून घेतले पाहिजे.

१९०१ च्या खानेसुमारीचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी माणसांची नाके मोजली. नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा त्यांचा सिद्धान्त होता. जातीची उतरंड ही वंशाची उतरंड आहे, असे त्यातून सुचविले जात होते. पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकविणाऱ्या डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात प्रांतोप्रांतीची ही मापे एकत्र मांडून तपासली. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात तीच मापे उचलली आणि साधा प्रश्न केला : ही मापे खरी धरली तर ब्राह्मण आणि अस्पृश्य यांच्या नाकांत वंश वेगळा ठरविण्याएवढे अंतर आहे काय? मापांनीच सांगितले की नाही. ब्राह्मण आर्य असेल तर अस्पृश्यही आर्य. ब्राह्मण द्रविड असेल तर अस्पृश्यही द्रविड. म्हणजे अस्पृश्यता वंशातून आली नाही, ती समाजाने घडविली; आणि जे घडविले ते मोडता येते. त्याच ग्रंथात १९११ च्या त्या कसोट्याही आहेत. गोमांसाच्या कसोटीला धरून त्यांनी अस्पृश्यतेच्या उगमाचा शोध घेतला. आपल्याला हिणवण्यासाठी ज्या नोंदी झाल्या, त्यांनाच त्यांनी साक्षीला उभे केले.

हे काम ते एकटेच करीत नव्हते. १९२० मध्ये नागपूरला भारतीय विज्ञान परिषदेचे अधिवेशन झाले. तेथे प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याकडे कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापांचे विश्लेषण करण्याचे काम आले. त्या अभ्यासातून आणि पुढे रिस्लेच्या मापांच्या फेरतपासणीतून दोन समूहांमधील अंतर मोजण्याचे जे सूत्र तयार झाले, ते त्यांनी १९३६ मध्ये पूर्णत्वाला नेले. 'महालनोबिस अंतर' हे सूत्र आज जगभर संगणकाच्या आज्ञावल्यांत वापरले जाते. ते वापरणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की त्याच्या मुळाशी वंशाची आणि जातीची मापे आहेत?

अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांनी १८९९ मध्ये फिलाडेल्फियातील निग्रो वस्तीचा घरोघर जाऊन केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांनी आणि अटलांटा विद्यापीठातील त्यांच्या विद्यार्थ्यांनी हाताने रंगविलेले सुमारे साठ तक्ते मांडले : जमीन किती, साक्षरता किती, धंदे कोणते. गुलामांची मुले-नातवंडे स्वतःची मोजणी स्वतः करून जगापुढे ठेवीत होती. याच द्यु बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिले होते. दोघांच्या मार्गांत एक साम्य आहे. दोघांनी आकडा नाकारला नाही. आकड्यावरची मक्तेदारी नाकारली.

५

आता आजच्या यंत्राकडे येऊ. संगणकीय पद्धतींनी गेल्या वीस वर्षांत आपल्या हाती काही ठोस पुरावे दिले आहेत. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठविले. पात्रता सारखी, फरक फक्त नावात. दलित आडनावाच्या अर्जदाराला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या अर्जदाराच्या दोन-तृतीयांश निघाली. 'आम्ही जात पाहत नाही' असे म्हणणाऱ्या कचेऱ्यांना यापेक्षा चोख उत्तर कोणत्या भाषणाने दिले असते? २०१२ मध्ये दुसऱ्या एका अभ्यासाने देशातील एक हजार मोठ्या कंपन्यांच्या संचालकांची नावे तपासली. सुमारे ९३ टक्के संचालक पुढारलेल्या जातींचे निघाले. अनुसूचित जाती-जमाती मिळून साडेतीन टक्के.

अशा अभ्यासांत आडनावावरून जात ओळखावी लागते. आता तर आडनावांच्या याद्या यंत्राला देऊन लाखो नावांची जात काही मिनिटांत 'ओळखण्याचे' प्रयोग होत आहेत. अशा यंत्राला नाशकात आणून बसवावे. त्याला 'गायकवाड' हे नाव द्यावे. ज्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब शिकायला परदेशी गेले ते गायकवाड, आणि काळारामाच्या दाराशी लाठ्या खाणारे दादासाहेब तेही गायकवाड. पवार, मोरे, जाधव, शिंदे ही नावे वाड्यातही आहेत, वस्तीतही आहेत आणि आदिवासी पाड्यातही आहेत. यंत्र बहुसंख्येच्या बाजूने अंदाज करील आणि आपली कितीतरी माणसे पुन्हा एकदा दुसऱ्याच रकान्यात जातील. गावातला माणूस मात्र 'कुठले गायकवाड?' एवढा एकच प्रश्न विचारून क्षणात जात काढतो. जातीचे ज्ञान कागदावर नाही, नजरेत आहे. म्हणूनच कागदावरून तिचा अभ्यास करणे कठीण आहे.

वस्त्यांच्या नावांचेही तसेच. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. तो योग्यच होता. आपल्या मुलीने शाळेत पत्ता सांगताना मान खाली का घालावी? परंतु उद्या कोणी नकाशावरील नावांवरून गावाची रचना अभ्यासू लागला, तर त्याला 'समतानगर' दिसेल आणि त्या गावात समता आली असे त्याला वाटेल. समतानगर गावाच्या कोणत्या दिशेला आहे, पाण्याची टाकी तिथून किती दूर आहे, स्मशानाची वाट कोणाच्या शेतातून जाते, हे त्याला पायी जाऊनच पाहावे लागेल.

अत्याचारांच्या आकड्यांविषयी तर अधिकच सावध राहिले पाहिजे. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत जे घडले त्यात न्यायालयाने खुनाबद्दल शिक्षा दिली, पण अॅट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. म्हणजे त्या कायद्याखालील शिक्षांच्या तक्त्यात खैरलांजी नाही. २०२१ मध्ये सरकारने संसदेत सांगितले की हाताने मैला उचलण्यामुळे एकही मृत्यू झालेला नाही. गटारे आणि सेप्टिक टाक्या साफ करताना मेलेल्यांची संख्या मात्र ९४१ होती. दोन्ही विधाने एकाच उत्तरात बसली, कारण रकाने दोन होते. मेलेली माणसे कोणत्या वस्तीतली होती हे ज्याला ठाऊक आहे, तोच हे दोन रकाने एकत्र वाचू शकतो.

६

हे सर्व आज सांगण्याचे कारण आहे. २०११ मध्ये सामाजिक, आर्थिक व जातिनिहाय पाहणी झाली. तिचे जातींचे आकडे प्रसिद्ध झाले नाहीत. महाराष्ट्र सरकार ते मागायला सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा २०२१ मध्ये केंद्राने सांगितले की १९३१ मध्ये ४,१४७ असलेली जातींची नावे आता ४६ लाखांवर गेली आहेत; एकट्या महाराष्ट्रात चार लाखांहून अधिक, तर राज्याच्या याद्यांत आहेत फक्त ४९४. स्पेलिंगे वेगळी, पोटजाती, कुळे, आडनावे, सगळे एकाच रकान्यात पडले होते. आकडे निरुपयोगी आहेत, असे सांगून ते बंद ठेवण्यात आले. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने येत्या जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय घेतला. १ मार्च २०२७ हा या जनगणनेचा संदर्भदिन ठरला आहे आणि ती कागदावर न होता मोबाइलवर होणार आहे. म्हणजे १९३१ नंतर प्रथमच सर्व जाती मोजल्या जातील आणि त्या थेट यंत्रात जातील.

तेव्हा पुन्हा आपल्या ओट्याशी कोणीतरी येऊन उभे राहणार आहे. धर्माच्या रकान्यात आपण 'बौद्ध' सांगू. जातीच्या रकान्यात काय सांगायचे? 'बौद्ध' ही जात नव्हे आणि अनुसूचित जातींच्या यादीत ती नाही. २०११ मध्ये महाराष्ट्रातील ६५ लाख बौद्धांपैकी ५२ लाखांच्या आसपास लोक अनुसूचित जातींमध्ये मोजले गेले. बाकीचे त्या तक्त्यात आले नाहीत. जी जात टाकून दिली तिचे नाव पुन्हा तोंडाने उच्चारायचे हा अपमान आहे, असे आमच्या वस्तीतील जुनी माणसे म्हणतात. त्यांचा सल मला समजतो. परंतु १९९० नंतर धर्म बौद्ध आणि यादीतील मूळ जात अशा दोन्ही नोंदी एकत्र करता येतात. त्याने धम्म उणा होत नाही. जात सांगणे म्हणजे जात मानणे नव्हे. रोग्याने वैद्याला दुखणे सांगणे म्हणजे दुखण्याचा अभिमान धरणे नव्हे. हा निर्णय वस्तीवस्तीत बसून, प्रगणक येण्यापूर्वी, चर्चेने झाला पाहिजे.

एक भीतीही बोलून दाखविली पाहिजे. घराघराची जात यंत्रात गेली की ती कोणाच्या हाती पडेल? दुसऱ्या महायुद्धात हॉलंडची लोकसंख्येची नोंद अत्यंत व्यवस्थित होती, धर्मासकट. जर्मनांना ज्यू शोधायला तिचा फार उपयोग झाला; म्हणून २७ मार्च १९४३ रोजी अॅमस्टरडॅमच्या नोंदणी कचेरीलाच प्रतिकारकांनी आग लावली. एकूण संख्या जाहीर व्हावी, घराचा पत्ता गुप्त राहावा, ही मागणी आपण मोजणीच्या मागणीइतक्याच जोराने केली पाहिजे.

कार्यकर्ते, शिक्षक आणि विद्यार्थी यांनी यापुढे काय करावे? आपल्या मुलांनी संख्याशास्त्र आणि संगणक शिकावा. ते शास्त्र दुसऱ्यांचे आहे ही भावना टाकून द्यावी. जो आकडा घ्यावा, त्याचा रकाना कोणी, कधी आणि कोणत्या कायद्याखाली आखला हे आधी लिहावे. आणि जे कोणत्याच रकान्यात नाही ते गोळा करावे : विहारांची दप्तरे, पंचायतीतील भांडणांचे कागद, जुन्या नियतकालिकांचे अंक, जे आज घरोघरी पत्र्याच्या पेट्यांत वाळवीची वाट पाहत आहेत. यंत्र जे वाचते त्यावरूनच बोलते. आपण लिहिलेले त्याच्यापर्यंत पोचले नाही, तर ते आपल्याविषयी दुसऱ्यांनी लिहिलेलेच बोलेल.

त्या विद्यार्थ्याने आलेख पुन्हा काढला आहे. आता त्यात दोन रेषा आहेत, एक अनुसूचित जातींची आणि एक बौद्धांची. १९९० वर त्याने एक उभी रेघ मारली आहे आणि तिच्याखाली कायद्याचे नाव लिहिले आहे. जन्मदराचे वाक्य त्याने खोडले. त्या जागी काय लिहायचे हे विचारायला तो मागच्या आठवड्यात आला होता. मी त्याला आधी घरी जाऊन आजीला विचारायला सांगितले आहे.